एसएसची पाटी, मालिबूचा नंबर

काका, नमस्कार.

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची रस्त्यावरची जत्रा, बघायला जातो आणि घरी येताना डोक्यात एकच गाडी असते: १९७० ची शेव्हरले शेवेल एसएस (सुपर स्पोर्ट). आता ती खरोखरच समोर आली आहे. ओहायोत, टोलेडोच्या पुढे एका गावात, शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. मालक वारले, मुलगा विकतोय. ३९६ इंजिन (आकडा घन इंचांचा), चार गिअर, निळा रंग उडालेला, खालचा पत्रा गंजलेला, पण गाडी पूर्ण आहे. ३२,००० डॉलर मागतोय. म्हणतो, "नंबर्स मॅचिंग, शंभर टक्के खरी एसएस. व्हिन १३६ ने सुरू होतो, स्वतः बघा." (व्हिन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक.) मागच्या सीटखाली सापडलेली बिल्ड शीटही आहे म्हणे. शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, म्हणून त्याआधी मी हजार डॉलर विसार पाठवावा असं त्याचं म्हणणं. त्याने पाठवलेले फोटो सोबत जोडतो.

गाडी मला स्वतः रिस्टोअर करायची आहे. दोन-तीन वर्षं लागली तरी चालेल. माझी बायको मृणाल विचारते, "ती खरी एसएस नसली तर तुला काय फरक पडतो? चालवायचीच आहे ना?" मला उत्तर देता आलं नाही. खरी की खोटी हे ओळखायचं कसं, आणि विसार पाठवू का?

निखिल (नाव बदललं आहे)


प्रिय निखिल,

विसार पाठवू नकोस. शनिवार तोंडावर आहे म्हणून हे आधी सांगितलं, बाकीचं सावकाश वाच.

१९७० साली शेव्हरलेने एसएस ३९६ चं पॅकेज लावलेल्या ५३,५९९ गाड्या काढल्या. त्यातल्या कितीतरी गंजल्या, ठोकल्या, भंगारात गेल्या, पण जिच्यासाठी रातोरात निर्णय घ्यावा अशी ही दुर्मिळ गाडी नाही. ही गेली तर दुसरी येईल. शनिवारचं गिऱ्हाईक खरं असेल किंवा नसेल, तुझ्या तपासणीचा वेग त्याने ठरवू नये. मुलाला नीट सांग की मी रोख घेऊन येतो, पण गाडीखाली झोपून बघितल्याशिवाय एक डॉलरही हातातून सोडणार नाही. विकणारा सरळ असेल तर त्याला याचा राग येत नाही.

त्या मुलाला मी खोटारडा म्हणत नाही. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं तो पुढे सांगत असेल. पण त्याच्या दोन वाक्यांत तीन वेगळे दावे गुंतलेले आहेत. ही गाडी कारखान्यातून एसएस म्हणूनच बाहेर पडली का? आत्ता आत असलेलं इंजिन याच गाडीत बसवलेलं होतं का? आणि कागदावर जी गाडी आहे, तीच ही गाडी आहे का? एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं येत नाही. विकणारे तिन्ही एकत्र कालवतात, घेणारेही भरात कालवतात, आणि पैसे तिथेच बुडतात.

व्हिनबद्दल तो म्हणतो ते खरं आहे, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या काळात जनरल मोटर्सचा (शेव्हरले याच कंपनीची) व्हिन तेरा अंकाक्षरांचा असायचा. सतराचा आला १९८१ पासून. तुझ्या गाडीत पहिला १ म्हणजे शेव्हरले. पुढचे ३६ म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची मालिबू, शेवेलचीच एक आवृत्ती. ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. मग सालाचा ०, कारखान्याचं अक्षर बी, म्हणजे बाल्टिमोर, आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक. संपलं. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत एसएस ३९६ ही स्वतंत्र मालिका होती, तिचा व्हिन १३८ ने सुरू व्हायचा आणि तो पाहिला की निकाल लागायचा. १९६९ पासून एसएस हे वरून घ्यायचं पॅकेज झालं आणि व्हिनमधून नाहीसं झालं. १९७० मध्ये ३०७ इंजिनाची साधी मालिबू, जी एखाद्या शाळामास्तराने बाजारहाटासाठी घेतली असेल, तिचाही व्हिन १३६३७ नेच सुरू होतो. सातबाऱ्यावर गट नंबर बरोबर आहे म्हणून विहिरीला पाणी आहे असं कोणी धरून चालत नाही, तसंच हे. १३६ मुळे इतकंच कळतं की गाडी व्ही-८ मालिबू म्हणून जन्मली. म्हणजे एसएस असणं शक्य आहे. १३५ असता, म्हणजे सहा सिलिंडरची, तर विषय तिथेच मिटला असता.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ट्रिम टॅगचा, म्हणजे बॉडीची माहिती कोरलेल्या पट्टीचा, फोटो तू पाठवला आहेस, त्यात मला एक उपयोगी गोष्ट दिसली. ०३सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, त्या सुमारास बॉडी तयार झाली. कारखान्याचा कोड बीएएल, तो व्हिनमधल्या बी शी जुळतो. हा टॅग एसएस आहे की नाही याबद्दल गप्प आहे, बाल्टिमोरच्या टॅगकडून ती अपेक्षाही नाही. पण रंगाच्या जागी ७५ आहे, आणि १९७० मध्ये ७५ म्हणजे क्रॅनबेरी रेड. गाडी आज निळी आहे. यात भिण्यासारखं काही नाही, पन्नास वर्षांत लोक रंग बदलतात. मात्र लाल कुठेतरी शिल्लक असलाच पाहिजे. डॅशबोर्डच्या खालचा पत्रा, दाराच्या आतल्या पॅनलमागची बाजू, हीटर बॉक्सच्या कडा, या जागांपर्यंत दुसरा रंग देणारा सहसा पोचत नाही. टॉर्च घेऊन तिथे बघ. लाल सापडला तर टॅग आणि बॉडी एकमेकांचे असण्याला आधार मिळाला. कुठेच लाल नाही, पांढरा किंवा हिरवा निघतोय, तर टॅग दुसऱ्या गाडीचा आहे हे धरून चाल. नवे टॅग पाडून विकणारे आहेत, जुने टॅग काढून विकणारेही आहेत.

आता इंजिन. इथे जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त खोटेपणा या दोन-तीन इंचांच्या लोखंडावर होतो.

बॉनेट उघडून गाडीसमोर उभा राहिलास की तुझ्या डाव्या हाताला, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक सपाट तुकडा बाहेर आलेला दिसेल. तोच पॅड. बहुधा तो ग्रीस आणि ब्रॅकेटच्या आड दडलेला असतो. त्यावर दोन शिक्के हवेत. पहिला इंजिन कारखान्याचा. तुझ्या फोटोत तो टी०२२६ असा सुरू होतो. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, ०२२६ म्हणजे २६ फेब्रुवारी, आणि त्यापुढची तीन अक्षरं सांगतात की इंजिन कोणतं आणि कोणत्या गिअरबॉक्सबरोबर जाणार होतं. ती अक्षरं फोटोत ग्रीसखाली आहेत, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा भाग झाकलेला आहे. उदाहरण म्हणून सांगतो: त्याच वर्षी आलेल्या ४५० अश्वशक्तीच्या ४५४ एलएस-६ ला चार गिअरच्या गाडीत सीआरव्ही असायचं, ऑटोमॅटिकमध्ये सीआरआर. तुझ्या पॅडवर जे निघेल ते १९७० च्या शेवेलमधल्या ३९६ च्या चार गिअरच्या कोडांपैकी एक हवं. कॅमारोचा किंवा इम्पालाचा कोड निघाला तर इंजिन दुसऱ्या गाडीतून आलेलं आहे.

जाता जाता: त्या वर्षीचं '३९६' मोजलं तर ४०२ घन इंच भरतं. शेव्हरलेने सिलिंडरचं बोअर किंचित वाढवलं, पण नाव गाजलेलं होतं म्हणून पाटी ३९६ चीच ठेवली. कोणी "हे तर ४०२ आहे, म्हणजे इंजिन बदललंय" असं म्हणाला तर त्याचं ऐकू नकोस.

दुसरा शिक्का गाडीच्या कारखान्याचा. यात गाडीच्या व्हिनचा सारांश असतो: शेव्हरलेचा १, सालाचा ०, बाल्टिमोरचा बी, आणि तोच सहा आकडी अनुक्रमांक. काही गाड्यांत तो पॅडवर न मारता ऑइल फिल्टरजवळच्या जागेवर मारलेला असतो, म्हणून पॅडवर नाही दिसला तर तिथे शोध. हा शिक्का डॅशवरच्या व्हिनशी अंकन् अंक जुळला, तरच 'नंबर्स मॅचिंग' हा शब्द वापरता येतो.

तुझ्या फोटोतल्या तारखा बसतात. इंजिन २६ फेब्रुवारीचं, बॉडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. इंजिन आधी, गाडी नंतर, मध्ये दोन-तीन आठवडे. पण तारखा बसणं म्हणजे फक्त इतकंच की हे इंजिन या गाडीत असू शकतं. टोनावांडात त्या आठवड्यात तयार झालेली सगळीच इंजिनं या कसोटीला उतरतील, आणि योग्य तारखेचा ब्लॉक शोधून गाडीत बसवणं हा तिथला नेहमीचा धंदा आहे.

म्हणून आकडे वाचून झाले की आकड्यांच्या खालचं लोखंड वाच. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कारखान्यात ब्रोचिंग मशीनने सपाट केला जायचा. त्या मशीनच्या दातांचे बारीक, सरळ, एकमेकांना समांतर ओरखडे पुढून मागे गेलेले असतात, आणि शिक्का त्या ओरखड्यांवर मारलेला असतो. अंकांच्या मधल्या जागेत ते ओरखडे अखंड दिसले पाहिजेत. कोणी जुना नंबर घासून नवा मारला असेल तर तिथे गुळगुळीत जागा दिसते, किंवा पॉलिश पेपरची गोल गोल वळणं, किंवा हाताने फाईल मारून आणलेले वाकडेतिकडे ओरखडे. तुझ्या फोटोत पॅडच्या उजव्या कोपऱ्यात मला वळणासारखं काहीतरी दिसतंय. ते ग्रीस पुसल्याचा फराटा असू शकतो. फोटोवरून मी निकाल देणार नाही, पण बघताना पहिल्यांदा तिथेच बघ.

दुसरी खूण शिक्क्यांच्या आपसातल्या फरकात असते. हे दोन शिक्के दोन वेगळ्या शहरांत, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या अवजारांनी मारलेले आहेत. एक टोनावांडात, एक बाल्टिमोरमध्ये. म्हणून त्यांची खोली, अक्षरांची ठेवण, ओळीचा कल यात फरक असणंच स्वाभाविक आहे. दोन्ही शिक्के सारख्याच खोलीचे, एकाच हाताचे, सुबक रांगेत बसलेले दिसले, तर ते एकाच दिवशी एकाच गॅरेजात मारले असण्याची शंका घे. कारखान्यातला माणूस घाईत असायचा, त्याचं काम थोडं तिरपं, एखादा अंक पुसट असं असतं.

पॅड साफ करताना ब्रेक क्लीनर, मऊ फडकं आणि बोट, एवढंच वापर. तारेचा ब्रश चालवू नकोस. ते ओरखडे हाच पुरावा आहे. मग टॉर्च अगदी आडवी धरून फोटो काढ, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत काही दिसत नाही.

ब्लॉकवर ओतकामाची तारीखही उठावदार अक्षरांत असते: महिन्याचं अक्षर, दिवस, सालाचा शेवटचा आकडा. फेब्रुवारीसाठी बी, जानेवारीसाठी ए. ती २६ फेब्रुवारीच्या आधीची हवी. नंतरची असेल तर पॅडवरचा शिक्का खोटा, तिथे दुसरा अर्थच निघत नाही. ती खोटी करायला कठीण असल्यामुळे माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे.

पॅड कोरा निघाला तर लगेच फसवणूक समजू नकोस. इंजिन उघडून डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, घासताना मशीन शॉपवाले नंबरही घासून टाकत, कारण १९८० मध्ये त्या आकड्यांना कोणी विचारत नव्हतं. तिथे सीई ने सुरू होणारा नंबर निघाला तर तो शेव्हरलेनेच बदली म्हणून दिलेला ब्लॉक, बहुधा वॉरंटीतला. दोन्ही प्रामाणिक इतिहास आहेत. फक्त अशा गाडीसाठी 'मॅचिंग'चे पैसे द्यायचे नाहीत.

गिअरबॉक्सही बघ, कारण खोटं करणारे बऱ्याचदा इंजिनापाशीच थांबतात. मन्सी गिअरबॉक्सच्या (या गाड्यांतला चार गिअरचा) कवचावर व्हिनचा तसाच सारांश असतो, शिवाय पी ने सुरू होणारी तारीख. पी०बी१८ म्हणजे १९७० च्या फेब्रुवारीची १८. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींवर तुझ्याच गाडीचा अनुक्रमांक अस्सल दिसला तर मी तुझ्याइतकाच खूश होईन.

पण समज, इंजिन मूळचंच निघालं. तरी गाडी एसएस होती का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं पक्कं उत्तर कागदातूनच मिळतं. इथे शेव्हरलेवाल्यांची खरी अडचण आहे. पॉन्टियॅक जीटीओ घेणारा पीएचएस नावाच्या संस्थेला व्हिन कळवतो आणि त्याच्या हातात कारखान्याच्या मूळ नोंदीची प्रत येते. १९६७ आणि पुढच्या मस्टँगसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. १९७० च्या डॉज-प्लिमथमध्ये तर व्हिनचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, आर असेल तर ४२६ हेमी. शेवेलच्या बाबतीत अमेरिकेत विकलेल्या गाडीची अशी नोंद कंपनीकडून मिळत नाही. गाडी मुळात कॅनडात विकलेली असेल तर जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडून कागद मिळतात. बाकीच्यांनी गाडीबरोबर जे टिकलं असेल त्यावर भागवायचं.

त्यातला पहिला कागद म्हणजे बिल्ड शीट. गाडी लाईनवर चालत असताना कामगारांना कोणते भाग लावायचे हे सांगणारा हा तक्ता, काम झालं की सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जायचा. त्यात व्हिन आणि पॅकेजचे कोड असतात. एसएस ३९६ चा झेड-२५, एसएस ४५४ चा झेड-१५. फोटोत झेड-२५ आहे. पण फोटोतला कागद फारच नीटनेटका आहे. पन्नास वर्षं स्प्रिंगांना टेकून राहिलेल्या कागदावर गंजाचे वेटोळे उमटतात, घडीवर तो फाटतो, उंदीर कडा कुरतडतात. कागद हातात घे, सीटच्या स्प्रिंगांवर ठेव, आणि गंजाचे डाग स्प्रिंगांच्या जागेशी जुळतात का बघ. त्यावरचा व्हिन तुझ्याच गाडीचा आहे का, हेही बघ. कारखान्यात शेजारच्या गाडीचा कागद आत राहिल्याची उदाहरणं बरीच आहेत, आणि नवे कागद छापून जुने दिसतील असे करणारेही आहेत. कोणी, कधी, कुठून काढला हे मुलाला विचार आणि त्याला बोलू दे.

मग टाकी. तिच्यावर दुसरी शीट असू शकते, आणि तिथे कोणाचा हात गेलेला नसतो. दोरीसारखा लांब इन्स्पेक्शन कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो टाकी आणि डिकीच्या पत्र्याच्या फटीतून सरकव. कागदाचा कोपरा दिसला तरी ओढू नकोस, फाटेल.

त्याशिवाय प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीच्या पुस्तकात चिकटवलेली धातूची छोटी पट्टी. शेव्हरले ती १९६५ ते १९७२ पर्यंत देत असे. तिच्यावर व्हिन, इंजिनाचा कोड, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं उमटवलेलं असतं. तीही नव्याने बनवता येते, पण मूळ पुस्तकात, मूळ मालकाच्या नावासकट असेल तर मोलाची.

एक गोष्ट लोक विचारायची विसरतात: घरातले जुने फोटो. या मुलाच्या वडिलांनी गाडी कधी घेतली, अल्बममध्ये तिच्यासमोर कोणी उभं आहे का, जुन्या विम्याचा कागद, टायर बदलल्याची पावती, काहीही. मालिबूला एसएस बनवण्यात पैसा आहे हे लोकांना उमगलं ते या गाड्यांचे भाव चढल्यावर. १९७०च्या दशकातल्या फोटोत एसएसच्या खुणा असतील तर त्या नकली असण्याचं कारणच नव्हतं. असा एक रंग गेलेला फोटो मला चकचकीत बिल्ड शीटपेक्षा जास्त पटतो.

गाडीच्या अंगावरच्या खुणा मी मुद्दाम शेवटी ठेवल्या, कारण त्या सगळ्यात आधी दिसतात आणि सगळ्यात कमी सांगतात. एसएसला मागे १२ बोल्टचं डिफरन्शियल, पुढे पॉवर डिस्क ब्रेक, मागे स्वे बार आणि बंद पेटीसारखे लोअर आर्म, डॅशवर गोल मीटर. साध्या मालिबूच्या डॅशवर आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर. यातलं काही नसेल तर कारण विचार. सगळं असेल तर एवढंच समज की गाडी एसएससारखी आहे. हे सगळे भाग बाजारात नवे मिळतात. बॅज तर कोणीही लावतो.

तिसऱ्या दाव्यात मात्र प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. डॅशवरची व्हिनची पट्टी काचेतून बघ. तिचे रिव्हेट साधे गोल नसतात, सहा पाकळ्यांच्या फुलासारखे असतात. साधे पॉप रिव्हेट, स्क्रू, कडेला गोंद किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच मागे फिर. गंजलेल्या एसएसची पट्टी काढून चांगल्या मालिबूवर ठोकण्याचे प्रकार होतात, आणि व्हिनशी अशी छेडछाड हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याचा गुन्हा आहे. गाडी जप्त झाली तर तुझा चांगुलपणा तुला ती परत मिळवून देणार नाही. चेसिसवरही व्हिनचा सारांश मारलेला असतो, ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भागात, वरच्या अंगाला. बॉडी असताना दिसणं अवघड, पण आरसा आणि टॉर्च घेऊन प्रयत्न कर.

कागदोपत्री बाजू सोपी आहे, पण चुकली तर गाडी तुझ्या नावावर होणार नाही. वडील वारलेत, तर टायटल (मालकीचा कागद) कोणाच्या नावावर आहे? अजून वडिलांच्याच नावावर असेल तर विकण्याचा अधिकार मुलाकडे आहे हे दाखवणारा कोर्टाचा कागद हवा, आणि भावंडं असतील तर तो अधिकच हवा. ओहायोत टायटलवरची विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, म्हणून नोटरीसमोरच व्यवहार करा. एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या व्हिनचेकवर चोरीची नोंद आहे का हे फुकटात बघता येतं. जुन्या छोट्या व्हिनला तिथे उत्तर नाही मिळालं तर पोलिसांकडून खात्री करून घे.

आता मृणालचा प्रश्न. तिने जे विचारलं ते या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात नेमकं आहे, आणि तिला खरं उत्तर द्यायला हवं.

चालवण्यापुरता विचार केला तर फरक पडत नाही. चांगल्या मालिबूत ३९६ बसवलं, १२ बोल्टचं डिफरन्शियल घातलं, डिस्क ब्रेक लावले तर ती गाडी वुडवर्डवर तोच आवाज करेल आणि तुला तोच आनंद देईल. अशा गाडीला क्लोन म्हणतात, आणि ती क्लोन आहे हे उघड सांगितलं तर त्यात काडीचंही कमीपण नाही. उलट मोकळीक असते, चांगलं स्टिअरिंग लाव, आधुनिक ब्रेक लाव, कोणी हिशेब मागत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. तू किती पैसे देतोस, आणि तुला त्या गाडीवर कसलं काम करायचं आहे. गंजलेली मालिबू आणि गंजलेली एसएस, दोन्हींचा पत्रा बदलायला, रंग द्यायला, इंजिन बांधायला सारखाच खर्च येतो. काम संपल्यावर एकीला एसएसची किंमत येते, दुसरीला नाही. आणि कारखान्यातून निघाली तशी अन् तशी ती परत उभी करायची असेल, प्रत्येक नटबोल्ट त्याच काळातल्या तारखेचा शोधायचा असेल, तर ज्या गाडीला तो मूळ रूपाचा हक्कच नव्हता तिच्यावर तीन वर्षं घालवताना तुझं मन लागणार नाही. मृणालबरोबर बसून आधी हे ठरवा की तुम्हाला चालवायला गाडी हवी आहे की जतन करायला. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, त्यांच्यासाठी गाड्या मात्र वेगळ्या बघायच्या असतात.

किमतीबद्दल माझं मत सरळ आहे. जे सिद्ध होतं त्याचे पैसे द्यावेत. ३२,००० हा आकडा तिन्ही दावे खरे धरून मागितलेला आहे, आणि गंजलेल्या गाडीसाठी तेव्हाही मला तो चढा वाटतो. कागद आणि इंजिन दोन्ही पटले तर घासाघीस करून घे. कागद पटला पण इंजिन दुसरं निघालं, तर ती एसएस आहे पण मॅचिंग नाही, आणि किंमत बरीच उतरली पाहिजे. कागद पटला नाही, तर ती मोठ्या इंजिनाची मालिबू आहे. मालिबूचाच भाव दे, नाहीतर नमस्कार करून निघ. "पण असूच शकते ना एसएस" या शक्यतेला स्वतंत्र किंमत नसते. तू विकायला जाशील तेव्हा पुढचा माणूसही हेच म्हणणार आहे.

व्यवहार झालाच तर विक्रीच्या कागदावर मुलाच्या सहीने एक ओळ लिहून घे: ही गाडी कारखान्यातून एसएस ३९६ म्हणून निघालेली आणि मूळ इंजिनासह आहे असं सांगून विकली. ती ओळ लिहायला तो कचरला तर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे ते तुला कळेल. आणि एवढ्या पैशांचा प्रश्न आहे, तर फक्त शेवेल बघणारा एखादा जाणकार शोधून, त्याची फी देऊन त्याला बरोबर घेऊन जा. नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमॉन्टला मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स भरतं, तिथे अस्सल पॅड कसा दिसतो हे एका दिवसात डोळ्यांत बसतं. तोवर गाडी थांबली तर उत्तम.

गंजाबद्दल थोडक्यात: ओहायो आणि मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ चेसिसला खातं. मागच्या अ‍ॅक्सलवरचा चेसिसचा बाक, बॉडी माऊंट, मागच्या काचेखालचा पत्रा आणि डिकीची जमीन हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून बघ, आणि पत्र्याला चुंबक लावून पुट्टी कुठे आहे ते बघ. फ्लोअर पॅन नवे मिळतात, त्यांची चिंता नको. चेसिस सडला असेल तर हिशेब नव्याने मांड.

आणि गाडी घेतलीस, तर भाग सुटे करायला घेण्याआधी एक आठवडा फक्त फोटो काढण्यात घाल. फायरवॉलवरच्या खडूच्या खुणा, डिफरन्शियलवरचे रंगाचे ठिपके, स्प्रिंगवर चिकटलेला कागदाचा तुकडा, हे सगळं कारखान्यातल्या माणसांनी ठेवलेलं आहे आणि प्रेशर वॉशर ते पाच मिनिटांत धुऊन टाकतो. पहिलं काम टाकी उतरवण्याचं कर. रिकामी कर, पट्टे सैल कर, आणि टाकी खाली घेताना ती तिरकी होऊ देऊ नकोस. वर कागद असेल तर तो सपाटच खाली यायला हवा.

तुझा,
काका